समई, देवघर आणि मेलबर्नची बोट

प्रश्न : दोन महिन्यांत आम्ही मेलबर्नला स्थायिक व्हायला निघतोय. आजेसासूबाईंची पितळी समई, सागवानी देवघर आणि मिक्सर बोटीने पाठवता येईल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : येईल, पण समईचं आधी बघा. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर नेण्यास १९७२च्या पुरावस्तू कायद्याने मनाई आहे. वयाबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या. याला वेळ लागतो, म्हणून आजच सुरुवात करा.

देवघर आडवं करून उन्हात नीट न्याहाळा. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि त्यांतून गळणारी पिवळसर भुकटी दिसली, तर लाकूड आतून पोखरलं जातंय. ऑस्ट्रेलियाची जैवसुरक्षा तपासणी फार कडक असते. धुरीचा किंवा वस्तू नष्ट करण्याचा खर्च तुमच्याच माथी येतो. चपलांचे तळवे, सायकलची चाकं घासून धुवा, मातीचा कणही नको. केरसुणी, मसाले, तुळशीचं बी इथेच कुणाला तरी देऊन टाका.

मिक्सर खुशाल न्या. तिथेही २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झच वीज आहे, फक्त प्लग बदलावा लागेल. निघण्यापूर्वी पूर्ण १२ महिने तुमच्या मालकीच्या आणि वापरात असलेल्या घरगुती सामानावर सहसा कर लागत नाही; त्यामुळे जाण्यासाठी म्हणून नवी खरेदी करू नका. यादीत ‘किरकोळ सामान’ असं मोघम लिहू नका, प्रत्येक खोक्यातली वस्तू नावानिशी मांडा. दागिने आणि मूळ कागदपत्रं मात्र हातातल्या बॅगेतच ठेवा.