रामशेजचा वेढा आणि आपला ऊस



नाशिकहून पेठ रस्त्याने किंवा दिंडोरीकडे जाताना रामशेजचा डोंगर आपण सर्वांनी पाहिला आहे. पायथ्याला आशेवाडी. आपल्या जिल्ह्यात साल्हेर, मुल्हेर, धोडप असे एकाहून एक उंच गड असताना हा किल्ला तसा लहानच. पण सन १६८२ मध्ये मोगलांनी त्याला वेढा घातला आणि तो हाती यायला १६८७ साल उजाडले. एवढ्या काळात औरंगजेबाचे नामांकित सरदार त्यापुढे हात टेकून गेले. आधी शहाबुद्दीन खान आला, मग बहादूर खान आला.

आता ऊस विकासाच्या पानावर किल्ल्याची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. सांगतो. पाण्याचा ताण, मजुरांची टंचाई आणि लांबलेला हंगाम हे तिन्ही एकदम आले की आपला धंदाही वेढ्यात सापडतो. अशा वेळी जवळ काय आहे यापेक्षा माणूस कसा वागतो यावर बरेच ठरते.

हा वेढा लिहून ठेवणारा खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार. तो सांगतो, की किल्ल्यावर लोखंडी तोफा नव्हत्या. दारू मात्र होती. किल्लेदाराने लाकडे कोरून त्यावर कातडे मढविले आणि त्यातून मारा केला. शत्रूच्या लेखणीतून आलेली ही तारीफ आहे, म्हणून तिची किंमत जास्त. तोफा मिळाल्यावर लढू, असे म्हणत किल्लेदार बसला नाही.

आपल्याकडे विहिरीने तळ गाठला की ‘पाणीच नाही तर काय करायचे’ असे म्हणून बांधावर बसणारे पुष्कळ. पण पाचट तर प्रत्येकाच्या खोडव्यात असते ना? ते पेटवू नये. सरीत पसरून एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकावेत. जमीन झाकली की ओल टिकते. जेमतेम पाणी असेल तर एक आड एक सरी भिजवावी. ताण पडल्यास २ टक्के युरिया व २ टक्के म्युरेट ऑफ पोटॅश यांची एकत्र फवारणी करावी, म्हणजे १०० लिटर पाण्यात प्रत्येकी २ किलो. ही आपली लाकडी तोफच समजा. हिने विक्रमी उतारा पडणार नाही, पण ऊस तग धरील.

दुसरी गोष्ट बहादूर खानाची. त्याने एका बाजूने मोठा गलबला करून हल्ल्याचा देखावा केला आणि मागच्या अंगाने निवडक माणसे गुपचूप चढविली. किल्लेदाराने डाव ओळखला. पुढच्या बाजूला त्यानेही नगारे-आरडाओरडा चालू ठेवला आणि खरी हत्यारबंद माणसे मागे नेऊन बसविली. वर डोके काढणारे पहिले गडीच कापले गेले.

ऊसशेतीत गलबला असतो पावसाचा, विजेच्या पाळीचा आणि भावाचा. चावडीवर दुसरे बोलणे नसते. आणि मागच्या अंगाने चढते ती हुमणी! जुलै-ऑगस्टात ऊस पिवळा पडला की आपण म्हणतो, पाणी कमी पडले. जरा बेट हाताने उपटून पाहा. अलगद हातात आले तर खाली मुळ्या खाल्लेल्या आहेत असे समजावे. त्या वेळी उपाय महागात जातो. वळवाचा पहिला पाऊस झाला की भुंगेरे संध्याकाळी बाभळी-कडुलिंबावर पाला खायला येतात. साडेसात ते नऊच्या दरम्यान फांद्या हलवून ते गोळा करावेत आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. एकट्याने करून भागत नाही, सगळ्या शिवाराने करावे लागते. शेजाऱ्याच्या बाभळीवर राहिलेला भुंगेरा आपल्याच सरीत येतो.

आता शेवट कसा झाला ते. खाफीखान लिहितो, की संभाजी महाराजांनी या किल्लेदाराचा सन्मान करून त्याला दुसऱ्या, मोठ्या किल्ल्यावर नेले. त्याच्या जागी नवा आला. त्याच्याशी मोगलांनी पैशाचे बोलणे लावले आणि किल्ला गेला. जे तोफांनी पाच वर्षांत झाले नाही, ते थैलीने झाले.

आम्हाला या गोष्टीतले हेच सर्वांत लागते. फेब्रुवारी उलटला, ऊन वाढले, उसाचे वजन घटू लागले की भल्या भल्या सभासदांचा धीर सुटतो. मग गुपचूप मुकादमाला ‘खुशाली’ दिली जाते आणि टोळी पाळी सोडून दुसऱ्याच फडात शिरते. त्यात होते काय? अकरा महिन्यांचा कोवळा ऊस गव्हाणीत पडतो आणि शेजारचा पंधरा महिन्यांचा वाळत उभा राहतो. साखर उतारा उतरतो आणि भाव उताऱ्यावर ठरतो, तेव्हा नुकसान पैसे देणाऱ्याच्याही बिलातून जाते. कोणी तर लवकर तोड मिळावी म्हणून फड पेटवितो. जळका ऊस आधीच वजनात मार खातो, शिवाय कपात होते ती वेगळी.

हेही खरे, की फौज हुकमावर चालते, सहकार चालत नाही. सभासद मालक आहे आणि तोडणी कामगार पोटासाठी घरदार सोडून आलेला आहे. दोघांनाही दरडावून काम होत नाही. म्हणून पाळीपत्रक गट ऑफिसच्या फळ्यावर सर्वांना दिसेल असे लावले पाहिजे आणि पाळी का बदलली हे तिथेच लिहिले पाहिजे. सभासदांनी ते मागावे. आमच्या शेतकी खात्याच्या माणसाला विचारताना कोणी संकोच करू नये.

किल्लेदार बदलला तेव्हा काय झाले, हे घरातही पाहावे. पुष्कळ घरी मोटरचा, खताच्या हिशोबाचा आणि नोंदीचा सारा कारभार एकट्या कर्त्याच्या डोक्यात असतो. तो दवाखान्यात गेला की पाळीची चिठ्ठी कुठे ठेवली हेही कोणाला ठाऊक नसते. मालकिणीला आणि मुलाला आताच दाखवून ठेवावे.

आपली ऊस नोंद चालू आहे. लागणीची तारीख, जात आणि गट नंबर चिटबॉयकडील नोंदवहीत बरोबर लिहिले आहेत की नाही, हे सभासदांनी स्वतः वाचून मगच सही करावी. तोड लवकर यावी म्हणून तारीख मागे लिहून घेतलेली आढळल्यास प्लॉट पाहून ती दुरुस्त केली जाईल. ज्यांची चूक नजरेने राहिली असेल त्यांनी गाळप सुरू होण्यापूर्वी गट ऑफिसात येऊन सांगावे.