कर्ण्याचा पत्रा का वाजतो?

पितळेचे एखादे फुलपात्र तीन बोटांवर तोला आणि पेन्सिलीने त्याच्या कडेवर हलकेच ठोका मारा. नाद घुमत राहील. आता कडेला बोट लावा. नाद तत्काळ थांबेल. घरी बनविलेल्या ध्वनिक्षेपकाच्या कर्ण्याला आपल्याला असेच एक बोट लावून ठेवायचे आहे.

लहान पडदा उघड्यावर कंप पावला, तर त्याच्यापुढची हवा दबण्याऐवजी बाजूंना निसटते. कर्ण्याच्या अरुंद घशात तिला निसटायला जागा नसते. त्यामुळे पडद्याची ऊर्जा हळूहळू रुंदावत जाणाऱ्या हवेच्या स्तंभाला मिळते व आवाज मोठा होतो. यात पत्र्याने नुसते भिंतीसारखे उभे राहावयाचे. पण पातळ पत्रा गप्प बसत नाही. आवाजातील एखादी कंप्रता त्याच्या नैसर्गिक कंप्रतेशी जुळली, की अनुनाद होऊन तोही आपला सूर मिसळतो.

समजा, पत्रा सेकंदाला ३०० कंपने करतो आणि दर कंपनास कंपविस्तार १ टक्क्याने घटतो. तो निम्मा व्हायला सुमारे ६९ कंपने, म्हणजे ०.२३ सेकंद लागतील. तेवढ्यात बोलणारा पुढचे अक्षर उच्चारून मोकळा झालेला असतो! घट १० टक्के असेल, तर सुमारे ७ कंपने, म्हणजे ०.०२ सेकंद पुरतात. या घटीलाच अवमंदन म्हणतात.

येथे मी स्वतः फसलो. धरणगावात जस्ती पत्र्याचा कर्णा करवून घेतला. स्नेहसंमेलनात बक्षीस पाटीलला मिळाले की पाठकला, ते कोणाला कळेना. मग बाहेरून लोखंडी पट्ट्या बांधल्या. पत्रा वाजायचा थांबला नाही, फक्त खालच्या सुरात वाजू लागला. वजन वाढले की कंप्रता उतरते, ताठपणा वाढला की चढते. पण ऊर्जा तेवढीच राहते. ती घर्षणाने उष्णतेत गेली पाहिजे.

म्हणून डांबर व गोणपाट चढविले. हिवाळाभर उत्तम चालले. मे महिन्यात मात्र खानदेशच्या उन्हाने डांबर मऊ होऊन गोणपाटासकट खाली सरकले! आपल्याकडे डांबराच्या नादी लागू नये, हे माझे मत. शिवाय ते तापविताना भाजण्याची भीती असते.

उपाय घरातच होता. जुन्या बायका कागदाचा लगदा व वाटलेली मेथी कालवून टोपल्या करीत. मेथीने लगद्याला चिकटपणा येतो. वाळलेल्या लगद्यातील असंख्य तंतू एकमेकांवर घासून कंपने जिरवितात. लंडनच्या ई. एम. जी. कंपनीने १९३० च्या दशकात आपल्या हातबनावटीच्या ग्रामोफोनांना लगद्याचेच भव्य कर्णे बसविले होते.

लगदा बाहेरून, तोंडाकडच्या रुंद भागापासून थापा. तेथेच पत्रा सर्वांत जास्त थरथरतो. पातळ थर देऊन सावलीत वाळवा, मग दुसरा द्या. सुमारे १ सेंटिमीटर जाडी झाली की बोटाच्या पेराने ठोकून पाहा. ‘टण्ण’ऐवजी ‘ठप्प’ ऐकू आले, की तैलरंगाचा हात द्या, नाहीतर पावसाळ्यात लगदा ओल धरील. घशाच्या आत मात्र लगदा जाऊ देऊ नका. वाट अरुंद झाली, तर आवाजच कोंडेल.