आत्ममूल्यांकनाचे मोजमाप : गुणांपलीकडचा माणूस

दिल्लीतील मुनिरका येथे, जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या शेजारी, भाड्याच्या लहान खोल्यांत राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे अनेक तरुण आढळतात. नागरी सेवा परीक्षेस खुल्या प्रवर्गातील उमेदवाराला वयाच्या ३२ वर्षांपर्यंत सहा वेळा बसता येते. अशा दीर्घ प्रतीक्षेत ‘मी अनुत्तीर्ण झालो’ या विधानाचे ‘मी निरुपयोगी आहे’ या निष्कर्षात केव्हा रूपांतर होते, हे उमेदवारालाही कळत नाही. हीच आत्ममूल्यांकनाची अनारोग्यकारक रीत होय.

तिचे मापन कसे करतात? मॉरिस रोझेनबर्ग यांच्या १९६५ च्या मापिकेत दहा विधाने असून त्यांपैकी पाच नकारार्थी आहेत. नकारार्थी विधानांचे गुण उलट क्रमाने देऊन बेरीज केली जाते. त्यातून आत्मसन्मानाची पातळी कळते. तो कशावर उभा आहे, हे मात्र कळत नाही. आर्लीन वाइसमन व ॲरन बेक यांनी १९७८ मध्ये मांडलेली मापिका हे दुसरे अंग तपासते. आपले मूल्य यशावर किंवा इतरांच्या पसंतीवर अवलंबून आहे, अशा धारणांची ४० विधाने तीत आहेत. प्रत्येकास १ ते ७ गुण असल्याने एकूण गुण ४० ते २८० या दरम्यान येतात. गुण जितके अधिक, तितक्या धारणा घातक.

येथे दोन पथ्ये आवश्यक आहेत. स्वतःची स्तुती न करण्याचा संस्कार असलेल्या समाजात विनयाची गणना न्यूनगंडात होऊ शकते. म्हणून केवळ शब्दशः भाषांतर पुरेसे नाही; मराठी भाषकांवर मापिका पडताळून पाहावी लागते. दुसरे म्हणजे, मापिका निदान करीत नाही. तिचे गुण हीच आणखी एक गुणपत्रिका ठरली, तर मूळ हेतूच विफल होईल.

अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मराठी वाचकांना डॉ. कि. मो. फडके यांच्या लेखनातून परिचित आहे. कृतीचे मूल्यमापन करावे, माणसाचे करू नये, हे तिचे सूत्र. निराशा टिकून राहिल्यास तज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा. २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. परीक्षेच्या तयारीइतकेच मनाच्या आरोग्याकडेही लक्ष देणे, हे मनुष्यबळ विकासाचेच कार्य आहे.