खोल पाण्याकडे बघू नकोस

अगं, रॉड घेतलास, रीळ घेतलंस, पुढच्या शनिवारी भिगवणला जायचं ठरवलंस, सगळं छान. पण यूट्यूबवरचे सगळे दादा जे सांगतात त्यातलं अर्धं समुद्रासाठी असतं आणि अर्धं थंड देशांसाठी. आपल्या पुण्याच्या आसपासच्या धरणांत, एप्रिल-मेच्या उन्हात मरळ पकडायची तर तुला वेगळं काही सांगायला हवं. म्हणून आज निवांत बसून लिहितेय.

उन्हाळ्यात मासे खोल, गार पाण्यात जाऊन बसतात असं तुला जो भेटेल तो सांगेल. कटला-रोहूच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण मरळीला ते लागू नाही. मरळ गुडघाभर पाण्यात असते, गवतात, पाणकणसाच्या बुंध्याशी, जलपर्णीच्या गालिच्याखाली. तू काठावर उभी राहून समोरच्या निळ्या पाण्यात लांबवर फेकत बसशील आणि ती तुझ्यापासून आठ-दहा फुटांवर निवांत पडलेली असेल.

असं का, ते समजून घे. मग बाकीचं तुझं तुलाच सुचत जाईल. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. 20 अंशाला लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त नऊ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, 30 अंशाला साडेसातच. त्यात दाट पाणवनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात आणि रात्री स्वतःच तो वापरतात. म्हणजे पहाटे गवताळ उथळ पाण्यात श्वास घेणं बाकीच्या माशांना जड जातं. मरळीला त्याची फिकीर नाही. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेसाठी एक वेगळी पोकळी असते. ती पाण्यावर तोंड काढते, हवेचा घोट घेते आणि पुन्हा खाली जाते. नुसत्या कल्ल्यांवर तिचं भागतच नाही, तिला वर यावंच लागतं. जाळ्यात पाण्याखाली अडकून राहिली तर ती चक्क गुदमरून मरते.

म्हणजे बाकीचे शिकारी मासे जिथे टिकत नाहीत तिथे ती सावलीत दबा धरून बसते. बेडूक, झिंगे, बारकी चिलापी सगळं तिथेच असतं, हाताशी. तिने खोल पाण्यात जायचं कशाला?

तुझा तो मिनेसोटाचा मावसभाऊ वॉलआय-वॉलआय करत असतो ना, त्यालाही हे विचार. वॉलआय हा त्यांचा राज्यमासा, 1965 पासूनचा. त्याचे डोळे अंधुक उजेडासाठी घडलेले, म्हणून भर उन्हात तो बरेचदा खोल जातो. पण तिथल्या जाणकारांना पक्कं माहीत असतं की उन्हाळ्यात हिरवं, जोमदार गवत असेल तर तो त्याच्या सावलीत उथळातही येतो. मासा वेगळा, देश वेगळा, पण बारीक मासे गवतात असतात आणि मोठा मासा त्यांच्यामागे येतो, हे दोन्हीकडे सारखंच.

आता जागा. शहरातल्या मुळा-मुठेत गळ टाकू नकोस. टाकलास तरी तिथलं काही घरी आणू नकोस. त्या पाण्यात शहराचं सांडपाणी आहे. पाषाण तलावाचंही तेच. याच मुळा-मुठेतून, पुण्याच्या पूर्वेला कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या महाशीराची नोंद केली होती आणि 1839 मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं होतं. ते वाचलं की माझ्या पोटात तुटतं गं. खडकवासल्याचं पाणी आपण पितो, शिवाय पलीकडचा काठ एनडीएचा, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा आहे, तिकडे पाऊल टाकायचं नाही. मुळशीचं धरण टाटांचं. राहता राहिली उजनी, आणि शिकायला तीच उत्तम.

उजनीचा फुगवटा सोलापूर रस्त्याने पुण्यापासून शंभरेक किलोमीटरवर भिगवणला भेटतो. रेल्वेचं स्टेशनही आहे. 1980 मध्ये धरण पूर्ण झालं तेव्हा भीमेकाठची गावं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं. पाणी उतरल्यावर नुसतं मंदिर दिसत नाही, जुने बांध, विहिरींचे कठडे, बाभळींची खोडं सगळं उघडं पडतं. ते डोक्यात ठेवून घे, जमलं तर वहीत काढून ठेव. पाणी थोडं वर असेल तेव्हा याच बांधांच्या कडेने गवत उगवतं आणि मरळ त्या कडेला लागून असते.

पण आधी परवानगी. धरण सरकारचं आहे म्हणजे मासे कुणाचेच नाहीत असं नसतं. मासेमारीचे हक्क मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्याने देतो, बहुतेक ठिकाणी मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना. काठावर जो भोई होडी घेऊन उभा असेल त्याच्याशी आधी बोल, संस्थेचं कार्यालय कुठे ते विचार, जी काही पावती असेल ती फाड. त्याचं पोट त्यावर आहे, आपली हौस आहे. एवढा मान ठेवलास तर तोच तुला गवतातली जागा दाखवील.

पहाटे पोच. उजाडताना पहिला अर्धा तास रॉड उघडूच नकोस, नुसती बघत बस. ही गोष्ट मी तुला हात जोडून सांगते, कारण नव्या माणसाला हेच जमत नाही. जलपर्णीच्या मधे जिथे ताटाएवढी मोकळी जागा असते तिथे नजर ठेव. मरळ हवा घ्यायला येते तेव्हा पाणी उसळत नाही. एक गोल लाट उठते, 'पुच' असा बारीक आवाज येतो, मागे दोन-तीन बुडबुडे राहतात. कधी नुसतं एखादं पान वाऱ्याशिवाय हलतं. थोड्या वेळाने ती पुन्हा वर येते, बहुधा तिथेच आसपास. जागा मनात पक्की कर. आणि पाय आपटत चालू नकोस, काठाच्या ओल्या मातीतून धक्का पाण्यात जातो. सावलीही पाण्यावर पडू देऊ नकोस.

सामानाचं फार काही नाही. सात फुटांच्या आतबाहेर कडक रॉड, आणि दोरा मात्र ब्रेडच घे, तीस-चाळीस पौंडांचा. तंगूस गवतात ताणला जातो आणि मासा बुंध्याला वेढा घालून तोडून जातो. आमिष म्हणून रबराचा पोकळ बेडूक. त्याचे दोन्ही हुक पाठीला चिकटून असतात, म्हणून तो गवतावरून ओढला तरी अडकत नाही, आणि माशाने दाबला की हुक उघडे पडतात. जिवंत बेडूक लावायचा सल्ला तुला कुणीतरी देईलच. देऊ देत. तू लावू नकोस. आधीच शेतातले बेडूक कमी झालेत, आणि आपल्याकडच्या मोठ्या बेडकाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

बेडूक त्या मोकळ्या जागेवर टाकायचा नाही, तिच्या पलीकडे चार-पाच फूट गवतावर टाकायचा. मग हळूहळू ओढत, पानांवरून घसरत आणायचा, आणि मोकळ्या पाण्यात उतरला की थांबवायचा. थांबव म्हणजे खरंच थांबव. दोन श्वास. मग रॉडच्या टोकाला हलका झटका, की बेडूक जागच्या जागी थरथरतो. हल्ला होतो तो बहुतेक याच क्षणी. पाणी फुटल्यासारखा आवाज येईल, तुझं काळीज तोंडात येईल आणि हात आपोआप हिसका मारील. तिथेच सगळं जातं. बेडूक दिसेनासा होऊ दे, दोरा ताणला गेलेला हाताला जाणवू दे, मग जोरात रॉड वर. आणि एकदा लागली की ढील द्यायची नाही. मोकळ्या पाण्यात रोहूला आपण खेळवतो तसं इथे चालत नाही. तिचं डोकं वर ठेवून गवताच्या वरूनच ओढून आणायची. ती खाली घुसली की संपलं.

चुकली तर हिरमुसू नकोस. मरळ रागीट असते, त्याच जागी लगेच पुन्हा टाक, बरेचदा दुसऱ्यांदा येते.

ऊन चढलं, नऊ-साडेनऊ वाजले की मरळीचा नाद सोड आणि चिलापीकडे वळ. काठच्या उथळ वाळूत-मातीत गोल गोल खळगे दिसतात ना, ती तिची घरटी. साधा बांबूचा गळ, बारका हुक, गांडूळ किंवा हळद घातलेली कणीक, गवताच्या कडेला सोडायची. चिलापी मूळची आफ्रिकेतली, 1952 मध्ये भारतात आली आणि उजनीत तर तिचंच राज्य आहे. ती हवी तेवढी घरी आण, देशी माशांना तेवढीच जागा होईल. भिगवणच्या खाणावळीत तिचं कालवण आणि तळलेली तुकडी दोन्ही मिळतात. मसाला कोणता घालतात ते स्वयंपाक करणाऱ्या मावशींना गोड बोलून विचार.

आता ज्याची मला खरी काळजी आहे ते. एकटी जाऊ नकोस, आणि नुसतं 'मैत्रिणीकडे जाते' असं सांगूनही नको. घरी काठाचं नाव सांगून जा, लोकेशन पाठवून ठेव. अंगात सुती, पूर्ण बाह्यांचा शर्ट. ओढणी नकोच, फेकताना हुक नेमका तिच्यात जातो. डोळ्यांवर चष्मा हवा, उन्हासाठी आणि हुकसाठीही. बाथरूमसाठी हायवेवरचं हॉटेल आधीच हेरून ठेव, पुढे काठावर काही नाही. पाणी कमी प्यायचं म्हणून तहान मारत बसू नकोस, मे महिन्यात ते अंगाशी येतं. काठावर बघे जमतील, शिकवायला येतील. कुणी नीट सांगत असेल तर ऐक. नजर बरी वाटली नाही तर सामान आवर आणि निघ, त्या दिवशीचा मासा गेला तर गेला.

गाळाला भी. पाणी मागे हटतं तिथे वरून वाळलेली, भेगाळलेली माती दिसते आणि खाली मांडीभर चिखल असतो. काठीने टोचून बघितल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. आणि वळीव! दुपारी ढग भरून यायला लागले की मासे उचलतात, हे खरं आहे, आणि म्हणूनच पाय निघत नाही. पण तुझ्या हातातला रॉड कार्बनचा आहे, विजेला तो आयता सापडतो. पहिला गडगडाट ऐकला की रॉड खाली ठेव, गाडीत जाऊन बस. होडीचा तर मोहच नको. 2024 च्या मे महिन्यात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात याच उजनीत उलटली आणि सहा माणसं गेली. लाइफ जॅकेट असल्याशिवाय, आणि वारा पडलेला असल्याशिवाय होडीत चढायचं नाही, होडीवाला कितीही ओळखीचा असो.

तुटलेला दोरा गवतात सोडून येऊ नकोस. ब्रेड कुजत नाही. उजनीकाठच्या कुंभारगावच्या बाजूला रोहित आणि चित्रबलाक उथळ पाण्यात पाय बुडवून चरतात, त्या पायांना तो आवळून बसतो. हातभर तुकडासुद्धा बोटाला गुंडाळून खिशात टाक.

आणि एक. जूनच्या तोंडाशी, पहिले वळीव पडून गेल्यावर, तुला गवताच्या कडेला पाण्यावर एक नारिंगी-लाल ढग दिसेल. तेवढ्याच जागेवर बारीक पाऊस पडतोय असं पाणी थरथरत असतं. ती मरळीची पिल्लं, काडीएवढी, शेकड्यांनी, सगळी एकदम हवा घ्यायला वर येणारी. त्यांच्या खालीच आई-बाप असतात. दोघंही राखण करतात, जवळ आलेल्या कशावरही धावून जातात. भूक नसली तरी बेडकावर तुटून पडतात. म्हणजे वर्षातली सगळ्यात सोपी मरळ हीच, आणि काही जण मुद्दाम असे ढग शोधत फिरतात. पालक उचलले की बाकीचे मासे तासाभरात पिल्लांचा फडशा पाडतात. आपल्याकडे ना कुणी मोजायला येतं, ना अडवायला. तेलंगणाने मरळीला राज्यमासा केलं, आपण 2023 मध्ये पापलेटला केलं. इथे तिचा वाली कुणी नाही. तू तो ढग बघितलास की बेडूक दुसरीकडे टाक. चुकून लागलीच तर हात ओले करून धर, हुक काढ आणि जिथे पकडलीस तिथेच सोड, दहा पावलं पुढेही नको.

हुक पटकन निघावा म्हणून त्याचा उलटा काटा आजच पक्कडीने दाबून ठेव. आणि ब्रेडला गाठ कुठली मारायची ते लिहून समजणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी रीळ घेऊन माझ्याकडे ये, दाखवते. मी आंब्याचा रस करून ठेवते.