पांडुरोग : हिमोग्लोबिनच्या आकड्यापलीकडे

पांडुरोगाची शंका येताच आपण रुग्णास रक्ततपासणीस पाठवितो. अहवालात हिमोग्लोबिन कमी दिसले की लोहकल्प वा मंडूरकल्प सुरू होतो. ही घाई किती महागात पडू शकते, याचा आम्हांस आलेला अनुभव येथे नोंदवीत आहोत.

साठीचे एक शेतकरी दौर्बल्य व श्रमश्वास या तक्रारी घेऊन आले. हिमोग्लोबिन ८.२ ग्रॅम, एमसीव्ही ६८. आम्ही पुनर्नवामंडूर दिले. महिन्याने हिमोग्लोबिन ८.९ झाले आणि आम्ही समाधान मानले. पुढील भेटीत मलाच्या वर्णाविषयी विचारले असता ते म्हणाले, "काळीच होते, पण ती तुमच्या औषधाआधीपासून. तुम्ही विचारलं नाही, म्हणून मी बोललो नाही." गुडघेदुखीसाठी वर्षभर दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेत असल्याचेही तेव्हाच कळले. एन्डोस्कोपीत आमाशयात व्रण आढळला. रक्तस्राव चालूच होता. आम्ही केवळ आकडा वाढवीत होतो.

यावरून अहवालाचे वाचन पुढील क्रमाने करावे.

१. हिमोग्लोबिन : प्रौढ पुरुषांत १३ व गर्भवती नसलेल्या स्त्रियांत १२ ग्रॅमहून कमी असल्यास पांडुत्व समजावे. हा आकडा व्याधीचे बल सांगतो, हेतू सांगत नाही.

२. एमसीव्ही : प्राकृत मर्यादा सुमारे ८० ते १००. कमी असल्यास लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमिया मायनर यांचा विचार करावा. दुसऱ्यात तांबड्या पेशींची संख्या बहुधा कमी नसते. तेथे हिमोग्लोबिन ए२ची तपासणी करावी. एमसीव्ही १००हून अधिक असल्यास बी१२ वा फॉलिक अॅसिडची कमतरता संभवते. हातापायांस मुंग्या येतात काय, हे विचारावे. दोन्ही प्रकारच्या कमतरता एकत्र असल्यास एमसीव्ही प्राकृतही दिसू शकते.

३. फेरिटिन : १५हून कमी असल्यास लोहाची कमतरता निश्चित होते. मात्र ज्वर वा शोथ असताना कमतरता असूनही ते प्राकृत दिसू शकते.

४. प्रश्नपरीक्षा : लोहकल्पाने मल काळा होतो, म्हणून मलाच्या वर्णाची चौकशी औषधापूर्वीच करावी. अर्श, रजःस्रावाचे दिवस व प्रमाण, वेदनाशामक गोळ्या यांविषयी स्वतःहून विचारावे. रुग्ण संकोचाने बोलत नाही किंवा त्या गोळ्यांना औषध समजत नाही. चरकाचार्यांनी पांडूच्या पाच प्रकारांत मृद्भक्षणजन्य पांडू स्वतंत्र सांगितला आहे. माती खाण्याची सवयही विचारल्याखेरीज कळत नाही.

पुरुषांत व रजोनिवृत्त स्त्रियांत लोहाची कमतरता आढळल्यास अन्नमार्गातून रक्तस्राव होत नाही ना, हे तज्ज्ञांकडून तपासून घ्यावे. तेथे अर्बुदही असू शकते. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी आहे; हेतूच न शोधता दिलेले उत्तम मंडूरही रोगास केवळ झाकून ठेवते.