आत पेशंट, बाहेर आपण

२०२० च्या जूनमध्ये दिल्लीचं हिंदूराव हॉस्पिटल फक्त कोविडसाठी राखून ठेवलं. सप्टेंबरात माझे मामा तिथे दाखल झाले. मामी घरी विलगीकरणात, मुलं पुण्यात. त्यामुळे बाहेरची बाजू माझ्याकडे आली. तेव्हा उमगलेलं हे.

१. "कसे आहेत?" असं विचारू नये. "स्टेबल हैं" एवढंच उत्तर येतं, आणि त्यावर रात्र निघत नाही. ऑक्सिजन किती लिटरवर आहे, लेव्हल किती, जेवले का, हे तीनच प्रश्न विचारावेत आणि उत्तरं वहीत तारखेसह लिहावीत. लेव्हल तीच राहून लिटर उतरत असतील तर गाडी रुळावर येते आहे. हे एका केरळी सिस्टरनं मला फोनवर समजावलं. त्या रात्री मी जेवले.

२. वॉर्डात फोन घरातल्या एकानंच करावा. सगळ्या गोतावळ्याला रात्री नऊला एकच मेसेज. तीच हकिगत सातजणांना सांगताना माणूस सात वेळा घाबरतो.

३. पेशंटच्या पिशवीत लांब वायरचा चार्जर, त्यावर चिकटपट्टीनं नाव. मास्क लावलेल्याला बोलवत नाही, पण अंगठ्याची खूण पाठवता येते.

४. भूक, झोप, लघवी याबद्दल बोलायची नातेवाइकाला लाज वाटते. आत माणूस श्वासासाठी झगडतोय आणि मी चहा मागू? मागावा. बाया तर, जायचं कुठे म्हणून, दिवसभर पाणीच पीत नव्हत्या. जागतिक आरोग्य संघटनेची जीवनमान मोजणारी २६ प्रश्नांची प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांत झोप समाधानाची लागली का, पैसे पुरतात का, मित्रांचा आधार आहे का, असं त्यात विचारतात. फाटकाबाहेरच्या कुणाला ती दिली असती तर तो हसला असता. तरीही प्रश्न बरोबर आहेत. पाळ्या लावा, रात्री फोन उशाशी घेऊन दुसऱ्या कुणीतरी जागावं.

५. शेजारी बसलेल्याशी बोलावं, आणि आजाराखेरीज बोलावं. सोनिपतच्या एका मुलानं विचारलं, "ये हिंदूराव कोई डॉक्टर थे क्या?" म्हटलं, नाही रे, आमच्या कागलचे घाटगे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. इंग्रज अधिकारी विल्यम फ्रेझरचा १८३५ मध्ये खून झाला, त्यानंतर त्याचा इथला, दिल्लीच्या रिजवरचा बंगला हिंदूरावांनी घेतला. १८५७ च्या वेढ्यात तिथे इंग्रजांची चौकी होती. पलीकडच्या रस्त्यावर अशोकाचा स्तंभ, फिरोजशाह तुघलकानं मेरठहून आणलेला. मुलगा उठून तो बघून आला. वडील दाखल झाल्यापासून फाटकापासून तो पहिल्यांदाच हलला होता. बाकीच्यांना आम्ही दोघं वेडे वाटलो असू, वाटू देत.

६. आतल्या माणसांचा पगार झालाय का, हाही आपलाच प्रश्न. ऑक्टोबरात इथले निवासी डॉक्टर थकलेल्या पगारासाठी संपावर गेले आणि उरलेले कोविड रुग्ण दिल्ली सरकारच्या इस्पितळांत हलवावे लागले. मामा तोवर घरी आले होते. टाळ्या-थाळ्यांच्या त्याच वर्षी ही वेळ आली. डॉक्टरांवर चिडणारे नातलग मी टीव्हीवर पाहिले. त्यांचा जीव टांगणीला, पण राग चुकीच्या दारावर. हॉस्पिटल महापालिकेचं, महापालिका म्हणे सरकार पैसे देत नाही, सरकार म्हणे दिले. या भांडणात रुग्णाची सोय तरी झाली. नव्या फाटकाबाहेर बसायची जागा नातेवाइकानं पुन्हा शोधायची.

७. डिस्चार्जनंतर नातेवाइकालाही तपासून घ्यावं. सगळं लक्ष मामांच्या बोटातल्या ऑक्सिमीटरवर होतं. मामींनी त्या काळात स्वतःच्या बीपीच्या गोळ्या घेतल्याच नव्हत्या. विचारलं तर म्हणाल्या, "अगं, मला कुठे काय झालं होतं?"