बाहुलीघराचे दार : प्रमाण आणि व्यवहार

बाहुलीघर म्हटले की आपल्याला भातुकली आठवते. युरोपात मात्र बाहुलीघर ही दीर्घकाळ प्रौढांची हौस आणि कारागिरांची कसोटी राहिली आहे. अॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये पेट्रोनेला ऊर्टमन हिचे सतराव्या शतकाच्या अखेरीस आकाराला येऊ लागलेले बाहुलीघर आजही पाहावयास मिळते. वास्तुशिल्पी एडविन ल्युटेन्स यांनी इंग्लंडच्या राणी मेरीसाठी १९२१ ते १९२४ या काळात एक बाहुलीघर उभारले. ते विंडसरच्या राजवाड्यात आहे. नवी दिल्लीतील आजच्या राष्ट्रपती भवनाचे काम चालू असतानाच हेच वास्तुशिल्पी या छोट्या घरातही लक्ष घालीत होते. त्या घरात विजेचे दिवे, नळाचे वाहते पाणी आणि चालणाऱ्या लिफ्ट आहेत. त्याचे प्रमाण १:१२, म्हणजे खऱ्या घरातील एक फूट तेथे एक इंच होतो.

या प्रमाणात खुर्ची, पलंग, कपाट करणे तुलनेने सोपे असते, कारण या वस्तू एका जागी उभ्या राहतात. आतल्या खोल्यांची दारे मात्र उघडली-मिटली पाहिजेत, आणि दोन्ही बाजूंनी खरी दिसली पाहिजेत. अनेक सुंदर बाहुलीघरांत ही दारे अडकतात, आपोआप फिरतात किंवा शेवटी सरळ चिकटवून टाकलेली असतात. असे का होते, आणि ते कसे टाळावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

बाराने भागण्याची मर्यादा

प्रथम दिसणारी मापे घेऊ. विलायती घरातील आतले दार सामान्यतः ६ फूट ८ इंच उंच, अडीच फूट रुंद आणि सुमारे ३५ मि.मी. जाड असते. बाराने भागल्यावर ते १६९ मि.मी. उंच, ६३ मि.मी. रुंद आणि ३ मि.मी. जाड होते. साडेचार इंची भिंत साडेनऊ मिलिमीटरची होते. बाजारातील ९ मि.मी. प्लायवूड तेथे चालून जाते. जमिनीपासून एक मीटरवर असलेली मूठ ८३ मि.मी. उंचीवर येते. येथपर्यंत गणित बिनचूक चालते.

आता फट पाहू. खऱ्या दाराभोवती ३ मि.मी. फट असेल, तर बाराने भागून ती पाव मिलिमीटर होते. परंतु रंगाचा थर बाराने भागला जात नाही, लाकडाचे फुगणे आपल्या सोयीने थांबत नाही आणि करवतीची चूक लहान होत नाही. दोन हात रंग दिला की ती पाव मिलिमीटर फट दिसेनाशी होते.

दुसरे कारण वजनाचे. लांबी बारापट कमी झाली की पृष्ठफळ १४४ पट आणि घनफळ १७२८ पट कमी होते. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात लहान-मोठ्या वस्तूंच्या बळाचा विचार याच सूत्राने केला होता. २० किलोचे दार आपल्या प्रमाणात अवघे १२ ग्रॅम भरते. खरे दार थोडे घासले तरी स्वतःच्या भारानेच पुढे सरकते. १२ ग्रॅमच्या दाराला रंगाचा एक थेंबही रोखून धरतो.

यातून एक नियम हाती येतो : जे डोळ्याला दिसते ते बाराने भागावे, जे हाताला लागते ते भागू नये. म्हणून दार ६३ मि.मी. रुंद असेल, तर चौकटीच्या आतले अंतर ६४ मि.मी. ठेवावे. दोन्ही बाजूंना अर्धा मिलिमीटर, म्हणजे सुमारे दोन पोस्टकार्डांची जाडी, मोकळी राहते. ही फट प्रमाणाच्या दुप्पट आहे, तरी डोळा ती क्षमा करतो. अडकलेले दार मात्र क्षमा करीत नाही.

बिजागरीऐवजी टाचणी

या आकाराच्या पितळी बिजागऱ्या मिळतात, पण त्यांचे सूक्ष्म खिळे ठोकताना पातळ लाकूड तडकते. त्याहून सोपा मार्ग आपल्याकडील जुन्या वाड्यांत आणि देवळांत पाहावयास मिळतो. तेथील कित्येक दारांना बिजागरी नसे; दाराच्या एका कडेची वरखालची गोल टोके चौकटीच्या खळग्यांत फिरत. बाहुलीघरात त्या टोकांचे काम दोन टाचण्या करतात.

टाचणीचे भोक दाराच्या जाडीच्या बरोबर मध्यावर, आणि कडेपासून दीड मिलिमीटर आत घ्यावे. ती कड चौकोनी ठेवली, तर तिचा कोपरा टाचणीपासून २.१ मि.मी. दूर पडतो. फिरताना तो ०.६ मि.मी. अधिक जागा मागतो आणि चौकटीवर अडकतो. म्हणून ही कड पॉलिश पेपरने अर्धगोल करावी. मग ती सर्वत्र दीड मिलिमीटरच राहते. मुठीकडची कड घासण्याची गरज नाही, कारण तेथे हाच फरक ०.०२ मि.मी. इतका नगण्य असतो.

कामाचा क्रम

भिंत घरात बसविण्यापूर्वीच दार बसवावे. नंतर हात पोचत नाही. एक मिलिमीटरच्या फळीवर दोन्ही बाजूंनी एक-एक मिलिमीटरच्या उभ्या-आडव्या पट्ट्या चिकटविल्या की पॅनेलचे ३ मि.मी. जाड दार तयार होते. लाकूड बारीक रेषांचे निवडावे, कारण लाकडाच्या रेषाही लहान होत नाहीत. भोके रंगापूर्वी पाडावीत आणि ती टाचणीहून किंचित मोठी असावीत. टाचणी चौकटीत पक्की, दारात सैल.

दार खाली ठेवताना जमिनीवर पुढे चिकटणारा कागद आणि सतरंजी यांची जाडी आधीच मोजून फटीत धरावी. खालच्या टाचणीवर साडीला लावतात तशी भोकाची एक टिकली ओवावी, म्हणजे दार लाकडावर न घासता तिच्यावर फिरते. मग दार ठेवून वरची टाचणी चौकटीतून खाली सरकवावी. दोन्ही टाचण्या ओळंब्यात नसतील, तर दार अर्धे उघडे राहत नाही. आपोआप एका बाजूला जाते. दार ज्यावर येऊन टेकते ती पट्टी सर्वांत शेवटी, मध्ये पोस्टकार्ड ठेवून, चिकटवावी.

बाहुलीघर न करणाऱ्यालाही हा धडा उपयोगी आहे. नेपथ्याची वा वास्तूची प्रतिकृती करताना आपण सर्व काही एका संख्येने भागून मोकळे होतो. प्रतिकृती नजरेला पटण्यासाठी प्रमाण लागते, पण ती चालण्यासाठी लाकूड, रंग आणि हात यांचे खरे माप मानावे लागते. बोटाच्या हलक्या स्पर्शाने उघडणारे आणि सोडाल तेथे थांबणारे दार या दोन्ही मापांचा मेळ बसला की मिळते.